एकशे तीस, ऐंशी

मी अमेरिकेला निघाले त्या रविवारी आई मला सोडायला विमानतळावर आली नाही, कारण सुमनमावशीनं तिला येऊ दिलं नाही. मुंबईला जाणारी गाडी आम्ही खडकीच्या कारखान्याच्या क्वार्टर्समधल्या विहारासमोर थांबवली होती. वंदना नुकतीच संपली होती. पांढऱ्या साड्यांतल्या बायका ओळीनं बसल्या होत्या आणि मावशी एकेकीच्या दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा गुंडाळत होती. आईचा आकडा बघून तिनं मान हलवली. "एकशे सत्तर. तू कुठंही जायचं नाहीस. विमानात लेक बसणार आहे, तू नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू पण बस. दंड पुढे कर." मी रडत होते, उशीर होत होता, आणि त्या बाईचा मला इतका राग आला की तिला जय भीम न करताच मी गाडीत बसले.

सुमनमावशी कारखान्याच्या दवाखान्यातली निवृत्त नर्स. आमच्या ओळीतले धडधाकट गायकवाडकाका एक दिवस मशीनवर काम करताकरताच कोसळले, तेव्हापासून तिनं हे विहारात सुरू केलं. नियम दोनच. प्रेशर मोजल्याशिवाय घरी जायचं नाही, आणि जी येणार नाही तिच्या दारात दुपारी दोघीतिघींनी जाऊन बसायचं, ती उठून येईपर्यंत. चहा पाजला तरी त्या हलायच्या नाहीत. खारवलेली सुकट म्हणजे आईचा जीव की प्राण. मीठ नको म्हणून तिची बरणी त्यांनी चक्क उचलून नेली. "हिच्या बापाचं खाते का मी?" म्हणून आई धुसफुसायची, पण रविवारी ओळीत पहिली तीच असायची.

त्या वर्षांत माझ्यासारख्या भराभर निघून गेलेल्या सगळ्यांनो, आपण मागच्यांना काय दिलं ते आठवतं का? बाबा गेले आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. बाकीच्या बायकांनी बोपोडीत, विहारापर्यंत चालत जाता येईल अशा जागा बघितल्या. मी इंटरनेटवर ब्रोशर बघितलं. धायरी, चौथा मजला, लिफ्ट, जॉगिंग ट्रॅक. आई म्हणाली, "एवढ्या लांब माझं कोण आहे गं?" मी म्हणाले, "आई, तिथे चोवीस तास सिक्युरिटी आहे." हे वाक्य आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

वर मी शहाणपणानं एक डिजिटल मशीन पाठवलं. बटण दाबायचं, आकडा वाचायचा, कुणाची मिनतवारी नको. दर रविवारी मी फोनवर विचारायचे, "किती आलं?" आई सांगायची, "एकशे तीस, ऐंशी." दीड वर्ष, दर रविवारी, एकशे तीस, ऐंशी.

आणि माझं काम काय, तर टेस्टिंग. आमची कंपनी वस्त्यावस्त्यांतल्या आरोग्य कार्यक्रमांसाठी सॉफ्टवेअर बनवते. एकाच माणसाचा तोच आकडा सलग तीनदा आला तर स्क्रीनवर लाल खूण दिसली पाहिजे, ही टेस्ट मी स्वतः लिहिली होती, कारण असा आकडा मोजलेला नसतो, ठोकून दिलेला असतो. त्या प्रोजेक्टवर मला प्रमोशन मिळालं. आईचा आकडा ऐकून मात्र मला दर वेळी हायसं वाटायचं.

एका गुरुवारी सकाळी कामाला येणाऱ्या ताईंना आई स्वयंपाकघरात पडलेली सापडली. उजवी बाजू गेली होती. त्या सोसायटीत वर्षातून एकदा हेल्थ कॅम्प व्हायचा. बॅनर, टोप्या, केळी आणि भरपूर फोटो. एका फोटोत आईसुद्धा आहे, टोपी घालून, कावरीबावरी. त्या दिवशी तिचा आकडा कुणीतरी लिहून घेतलाच असेल. पुढे वर्षभर तिच्या दारात येऊन कुणी बसलं नाही.

मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा बाहेरच्या बाकावर सुमनमावशी होती. मी तिच्यावरच ओरडले, "इतक्या दिवसांत एकदाही गेली नाहीस तू?"

"तीनदा गेले. दोन बसा बदलून," ती म्हणाली. "गेटवरच्या माणसानं वर सोडलं नाही, इंटरकॉम हातात दिला. तुझी आई म्हणाली, लेकीनं मशीन पाठवलंय, मी बरी आहे, तू जा. क्वार्टर असती तर दारात ठाण मांडलं असतं मी. इंटरकॉमवरून पट्टा बांधता येत नाही, बाई."

धायरीच्या घरात कपाट उघडलं तर मशीन तिथेच होतं. खोक्यावरची चिकटपट्टीसुद्धा निघाली नव्हती. महिन्याभरानं आईच्या जिभेला शब्द सापडायला लागले तेव्हा मी विचारलं, का नाही गं मोजलंस? "एकटीनं... बघायची... भीती वाटायची," ती म्हणाली.

त्या गेटचा मला राग आहे. टोप्या वाटणाऱ्यांचा आहे, ब्रोशर छापणाऱ्यांचाही आहे. पण त्या गेटच्या आत आईला नेऊन ठेवलं ते मी, आणि हा राग कुणावर ढकलता येत नाही. घर म्हणाल तर आता मला क्वार्टर आठवत नाही, दारात बसलेल्या त्या हट्टी बायका आठवतात.

आई आता बोपोडीत असते, विहाराच्या मागच्या गल्लीत. बायका तिला धरून ओळीत नेऊन बसवतात. रविवारी तिचा फोन सुमनमावशीच उचलते आणि खरा आकडा सांगते, कधी बरा, कधी वाईट. इथे अमेरिकेत, एडिसनमध्ये माझ्या दाराला कॅमेरा आहे, आणि त्यात चेहरा बघितल्याशिवाय मी कुणाला दार उघडत नाही. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मीही एक मशीन आणलंय. ते कपाटात आहे.

गेल्या रविवारी मावशीनं विचारलं, "तुझं किती?"

"एकशे तीस, ऐंशी," मी म्हणाले.

मावशी म्हणाली, "दोन बसांचा रस्ता असता, तर आले असते गं."