कूपन नसलेला माणूस

ईशान, रेवा — हे मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही. आज सकाळी टेबल पुसलं, कागद घेतला आणि ठरवलं, पूर्ण लिहिल्याशिवाय उठायचं नाही.

दुबईच्या शाळेत माझ्याबरोबर नोरा शिकवायची. आयर्लंडमधल्या एका खेड्यातली. तिथे फार पूर्वी बटाट्याचं पीक जमिनीतच कुजलं, दुष्काळ पडला. चर्चजवळ मोठ्या कढईत लापशी शिजायची, पण चिठ्ठी असेल त्यालाच मिळायची. नोराच्या पणजीची बहीण चिठ्ठीविना आली आणि रिकामं भांडं घेऊन परत गेली. इतक्या पिढ्या झाल्या, तरी ओगराळं कोणाच्या हातात होतं, ते नाव गावात अजून घेतात, असं नोरा म्हणाली. ऐकताना माझे डोळे भरून आले होते. खरंच आले होते — मग?

त्याच आठवड्यातली गोष्ट. दोन हजार आठची मंदी. दुबईच्या टोकाला, जबल अलीच्या एका लेबर कॅम्पमधल्या कामगारांचं काम थांबलं, मेसही बंद पडली. आमच्या तिथल्या मराठी मंडळाने शुक्रवारी दुपारी खिचडी न्यायचं ठरवलं. रांगेची शिस्त आणि ओगराळं, दोन्ही माझ्याकडे. गणपतीच्या महाप्रसादाची उरलेली कूपनं मी आधीच कॅम्पातल्या आपल्या मराठी मुलांना वाटून ठेवली होती. गोंधळ नको म्हणून.

रांगेत एक तेलुगू माणूस आला. माझ्याच वयाचा. स्टीलचा डबा पुढे केला.

"अम्मा, कूपन नहीं मिला."

"कूपन नहीं तो खाना नहीं. खलास."

मागून कोणीतरी ओरडलं, "अण्णा, पुढच्या गणपतीला या!" सगळे हसले.

मीही हसले.

त्याने डब्याचं झाकण नीट लावलं आणि तो गेला. पातेलं अर्धं भरलेलं होतं. नोराची गोष्ट तेव्हा आठवली नाही का? आठवली — तिथेच, उभ्या उभ्या. तरी मी पुढच्याकडे कूपन मागितलं.

उरलेली खिचडी घरी येईपर्यंत आंबली. मी टाकून दिली. तिथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची; रविवारी शाळेत नोराने विचारलं, सगळ्यांना पुरलं का? पातेलं अगदी पुसून घेतलं, मी म्हणाले. तुम्हालाही तेच सांगत आले. रेवा, तू त्यावर निबंध लिहिलास — 'सगळ्या कॅम्पला जेवू घालणारी माझी आजी'. तो मी फ्रेम करून हॉलमध्ये लावला.

आज उतरवला.

त्या माणसाचं नाव मी विचारलंच नव्हतं. ओगराळं कोणाच्या हातात होतं, ते मात्र आता तुम्हाला माहीत आहे.