परक्या राजाचं सुतक

ती दोन हजार एकच्या जूनमधली गोष्ट. शाळा उघडायला अजून दहाबारा दिवस होते, आणि सुट्टीत मास्तरला दुसरं काम काय, म्हणून डोक्यावर टोपी चढवून मी रोज सकाळी हसनाबादच्या स्टॅण्डजवळच्या हॉटेलात पेपर वाचायला जायचो. त्या दिवशी कापसाच्या जिनिंगवरचा नेपाळी गुरखा बाकावर बसलेला दिसला. डोळे सुजलेले. त्याला मराठी वाचता येत नव्हतं.

"गुरुजी, जरा बराबर पढके बताओ," तो म्हणाला.

मी मोठ्यानं वाचायला लागलो. नेपाळचा राजा, राणी आणि घरातली बरीच माणसं राजवाड्यातच, जेवणाच्या वेळी, गोळ्या घालून मारली गेली होती. मारणारा म्हणे थोरला मुलगाच, युवराज. आणि त्यानं स्वतःवरही गोळी झाडून घेतली. खरं काय, यावर लोक अजून वाद घालतात. पण मला वाद घालायला सवडच मिळाली नाही. पुढची ओळ अशी होती, की त्याच्या पसंतीच्या मुलीशी लग्न करायला घरच्यांचा विरोध होता. तिथं मी वाचायचा थांबलो. गुरखा म्हणाला, आगे? मी पान उलटलं आणि काहीतरी भलतंच वाचून दाखवलं.

कारण चारच दिवसांपूर्वी मी माझ्या एकुलत्या एक पोराला तोंडावर सांगितलं होतं, "मी मेल्यावर काय करायचं ते कर." मुलगी त्याच्या कॉलेजातली, शिकलेली, बोलायला चांगली, पण आपल्यातली नव्हती. मी जातीचा विचार करत नाही, लोक काय म्हणतील याचा करतो, असं मी तेव्हा बायकोला ठासून सांगायचो. म्हणजे तेच. पोरगा तेव्हापासून माझ्याशी बोलत नव्हता. जेवायला समोर बसायचा, मान खाली घालून दोन भाकरी खायचा आणि ताट उचलून निघून जायचा.

हॉटेलात मात्र सगळ्यांना एकच पडली होती, आता गादीवर कोण? बेशुद्ध युवराजालाच राजा केलं, तोही गेला, मग चुलत्याला बसवलं. "अब हमारा राजा कौन, गुरुजी?" गुरखा रोज विचारायचा आणि मी पेपर पाहून सांगायचो. इतकी वर्षं पोरांना शेजारचे देश शिकवताना मी नेपाळवर छडी टेकवायचो आणि पुढं सरकायचो. तिथल्या राजाच्या घरीही लग्नावरून तोंडं फिरत असतील, हे कधी मनात आलं नव्हतं. त्याच्याकडं पहारेकरी होते, फौज होती. माझ्याकडं काय होतं?

मी घाबरलो होतो. ताठ मास्तर म्हणून गावात नाव होतं, पण आतून पार गळून गेलो होतो. पहिल्याच दिवशी घरी येऊन कुऱ्हाड आणि विळे माळ्यावर टाकले. मग गोठ्यात ठेवलेला, गेल्या साली कपाशीवर फवारलेल्या औषधाचा डबा आठवला. पोरगा मला मारेल असं नाही. स्वतःचं काही बरंवाईट करून घेईल, ही भीती जास्त होती. घरात कुणी नाही असं बघून मी डबा उचलला आणि कुणाला सुचणार नाही अशा जागी, गव्हाच्या कोठीत, पार तळाशी खुपसून ठेवला. बायकोला बोललो नाही. तिनं मलाच वेड्यात काढलं असतं.

दहाव्या दिवशी दुपारी पोरगा दारात उभा राहिला. डोक्याचा तुळतुळीत गोटा.

"आरं, बाप जित्ता हाय ना रं तुझा!" बायको किंचाळली. आमच्याकडं पोरगा डोकं कधी करतो, हे काय सांगायचं? पण मला माझं मरण सुचलंच नाही, पोरगाच जिवाचं काही करून बसतो की काय, असं वाटलं. मी धावलो तो कोठीकडं. खांद्यापर्यंत हात घातला, गहू उपसून जमिनीवर ओतला. डबा नव्हता.

"डबा कुठंय?" मी ओरडलो.

"शेतात नेऊन पुरला," तो म्हणाला. दोन आठवड्यांतलं त्याचं माझ्याशी पहिलं बोलणं. "खायच्या गव्हात औषध ठेवतेत का, आबा? झाकण गळत व्हतं. बुडातला गहू बी फेकून देला."

"कव्हा?"

"तुम्ही ठेवला त्याच दिशी. ठेवताना पाह्यलं व्हतं मी तुम्हाला."

मी गव्हातच बसलो. म्हणजे इतके दिवस बापाला आपली भीती वाटते हे ठाऊक असून हा पोरगा रोज माझ्यासमोर बसून जेवत होता. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"आन् हे डोकं?" बायकोनं विचारलं.

"गुरख्याच्या राजाचा आज दहावा ना. नदीवर न्हाव्यापुढं एकलाच बसला व्हता, रडून राह्यल्ता. आपल्याकडं भावकी बसती सोबत. त्याला हितं कोन हाय? मंग मी बसलो."

मग मी विचारलं, "तिच्या घरी बोलायला कव्हा जायचं?"

बायको पदरानं डोळे पुसत गहू गोळा करायला लागली. "केस तर येऊ द्या त्याचे," ती म्हणाली. "आसं नेलं तर लोक पुसतील, बाप कव्हा गेला म्हून."

मी डोक्यावरची टोपी काढली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली. सैल झाली, पार कानापर्यंत आली. त्यानं ती काढली नाही.