रजा आणि गेटवरचं पान

खरं सांगते, त्या कामाला मी हो म्हणायलाच नको होतं. वय पन्नाशीकडे झुकलेलं, मानेला पट्टा, डोळ्यांत सतत थेंब घालायचे. पण आमच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात जुनं काही आलं की सगळ्यांचं एकच गाणं, "मॅडम, ते तुम्हालाच माहितीये." सगळी भुतं माझ्याच मानगुटीवर. असंच सातपूरच्या एका कारखान्याचं काम माझ्या गळ्यात पडलं.

काम सांगायला सोपं होतं. कारखान्याच्या गेटवर एक मोठा स्क्रीन आहे. रोज संध्याकाळी त्यावर उद्याचं पान लागतं. कोण कुठल्या शिफ्टला, कोणाची बस कुठल्या थांब्यावरून, कोणाला कुठलं मशीन. तेच पान कामगारांच्या मोबाइलवरही येतं. ते ज्या पद्धतीनं बनायचं ती एक्सएमएलची. म्हणजे एक साधी मजकुराची फाइल, तिच्यात प्रत्येक गोष्टीच्या आधी एक टॅग, म्हणजे खुणेचा शब्द, उघडायचा आणि नंतर तो बंद करायचा. एक जरी उघडा राहिला तरी अख्खं पान कोरं. एक बटण सुटलं म्हणून सगळा सदरा फेकून देणारी माणसं असतात ना, तसला कारभार.

दुसऱ्या बाजूला सर्व्हरवर जावा भाषेत लिहिलेला एक प्रोग्रॅम होता. शिफ्टचा सगळा हिशेब तो करायचा, आणि चुकायचा नाही. पण हिशेब झाला की गप्प बसायचा. पानाला तो माहीत नव्हता, त्याला पान माहीत नव्हतं. एकाच सर्व्हरवर दोघं शेजारी शेजारी आणि बोलाचाल बंद. ज्यानं दोन्ही बनवलं तो बाबा जोडणीच्या आधीच नोकरी सोडून गेला होता.

मग इतकी वर्षं हे चाललं कसं? टाइम ऑफिसमधल्या, म्हणजे हजेरीच्या खात्यातल्या, एका बाईंच्या हातावर. मी त्यांना ताई म्हणायचे. रोज पाच वाजता त्या प्रोग्रॅम चालवायच्या, आलेला हिशेब उचलायच्या, पानाची फाइल उघडून ओळीओळीनं तिच्यात भरायच्या, आणि सेव्ह करायच्या. रविवारी त्यांना सुट्टी असली तरी तासाभरासाठी यायच्या. ताप असो, लग्न असो, पाच वाजता ताई खुर्चीत. पान कोरं गेलं तर गेटवर आरडाओरडा, आणि दुसऱ्या कुणाला ते टॅग जमत नव्हते. कारखान्याचे साहेब त्यांना सगळ्यांसमोर म्हणायचे, "ताई आहेत म्हणून कारखाना चालतो."

पहिल्याच दिवशी ताईंनी मला चहा आणून दिला आणि सरळ विचारलं, "मॅडम, किती दिवस लागतील?"

मी म्हटलं, "बघते. अजून फाइल उघडलीसुद्धा नाही."

"लवकर बघा हो. माझी पोरगी अडकलीय."

त्यांची मुलगी मनमाडला दिलेली, जावई रेल्वेत. पहिलंच बाळंतपण, ते माहेरी व्हायचं हे ठरलेलं. पण डॉक्टरांनी सांगितलं, पलंगावरून उठायचं नाही आणि प्रवास तर मुळीच नाही. सासू नाही, घरात दुसरी बाई नाही. जावयाची ड्यूटी कधी असते कधी नसते. पोरगी दिवसभर एकटी पडून असायची. लेक माहेरी येऊ शकत नव्हती, म्हणून आईनंच मनमाडला जायचं होतं. ताईंनी महिन्याची रजा मागितली. साहेब म्हणाले, "जोडणी होऊ द्या, मग खुशाल जा." म्हणजे ताईंची रजा माझ्या कीबोर्डात अडकली होती. कपाळ माझं!

मी कामाला लागले. पानात जिथं जिथं ताई हातानं भरायच्या तिथं मी रिकाम्या जागा केल्या आणि प्रत्येकीला एक नाव दिलं. प्रोग्रॅमला सांगितलं, हिशेब झाला की या नावांनी माल पाठव. नावं जुळली की पान आपोआप भरणार. बोलायला काय जातंय! एका नावात एक अक्षर चुकलं की ती जागा रिकामी राहायची आणि तक्रार मात्र कुठेच नाही. मराठी नावं आली ती प्रश्नचिन्हं होऊन आली. बसच्या एका थांब्याच्या नावात कुणीतरी 'आणि'ऐवजी ती इंग्रजी '&' ही खूण टाकलेली. एक्सएमएलला ती चालत नाही, त्यामुळं पान कोरं. ती खूण शोधण्यात माझा अख्खा दिवस गेला. घरी गेले तर नवरा म्हणाला, "चेहरा का असा?" मी म्हटलं, "काही विचारू नका, वरण गरम करा."

रोज दुपारी ताईंच्या मुलीचा फोन यायचा. ताई खिडकीपाशी जाऊन बोलायच्या, पण खोली केवढीशी, सगळं ऐकू यायचं. "येते गं. मॅडमचं झालं की निघतेच. जेवलीस का? भात नको खाऊस नुसता." मग नुसत्या माझ्याकडं बघायच्या. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या बघण्याचा मला धसका बसला होता. एक दिवस मीच चिडले, "ताई, अशा बघू नका हो माझ्याकडं, हात चालत नाही माझा." त्या म्हणाल्या, "बरं, भिंतीकडं बघते," आणि खरंच खुर्ची फिरवून बसल्या. दोघी हसलो. हसण्यासारखं तेवढंच होतं त्या खोलीत.

मग एका सोमवारी जमलं. पाच वाजता प्रोग्रॅम आपला आपण चालला आणि काही मिनिटांत गेटवर पान लागलं, नावांसकट, बसथांब्यांसकट, ताईंनी एक ओळ न भरता. मी गेटपर्यंत जाऊन डोळ्यांनी बघून आले. मंगळवारी चाललं, बुधवारी चाललं, शनिवारपर्यंत बिनबोभाट. साहेब खूश. म्हणाले, "ताई, पुढच्या आठवड्यात निघा." त्या रविवारी ताई कितीतरी वर्षांत पहिल्यांदा कारखान्यात आल्या नाहीत. सकाळच्या गाडीनं मनमाडला गेल्या आणि संध्याकाळी परत आल्या. मला फोन करून सांगितलं, "पोरीच्या डोक्याला तेल लावून दिलं मॅडम. लय बरं वाटलं तिला." मलाही बरं वाटलं. थकवा पळाला वगैरे नाही, पण बरं वाटलं.

सोमवारी सकाळी साहेबांचा फोन. आवाजावरूनच कळलं. रविवारी संध्याकाळी पान बदललंच नव्हतं. सोमवारी शिफ्टची अदलाबदल असते, आणि गेटवर शनिवारी लागलेलंच पान. निम्मी माणसं चुकीच्या वेळेला आली, बस भलत्याच थांब्यावर उभी. मी पोचले तेव्हा गेटवर जत्रा भरली होती. एक जण माझ्या स्कूटरसमोर येऊन म्हणाला, "कॉम्प्युटरवाल्या मॅडम तुम्हीच ना? ताईच बऱ्या होत्या!"

साहेबांनी ताईंना माझ्यादेखत सांगितलं, "रजेचं राहू द्या आता. हे असं असेल तर मी तुम्हाला सोडू शकत नाही." ताईंनी पदर तोंडाला लावला आणि बाहेर गेल्या. डॉक्टरांनी मुलीला सांगितलं होतं, याच आठवड्यात कधीही. मला साहेबांचा राग आला, माझा आला, त्या सोडून गेलेल्या बाबाचा तर एवढा आला की समोर असता तर त्याचे टॅग मी त्याच्याच गळ्यात बांधले असते.

दिवसभर शोधलं. सर्व्हरचं घड्याळ बघितलं, प्रोग्रॅमचा हिशेब बघितला. रविवारचा हिशेब व्यवस्थित झालेला होता, पानापर्यंत तो पोचलाच नव्हता. पण सोमवार ते शनिवार पोचत होता की! रविवारनं काय घोडं मारलं? तारखांचा कोड उलटापालटा करून बघितला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसं माझं चाललेलं. काही सापडेना. डोळे जळायला लागले तशी खुर्चीला मान टेकून नुसती बसले.

पाच वाजले. ताई आत आल्या, आपल्या जागी बसल्या. डोळे सुजलेले. त्यांनी पानाची फाइल उघडली, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, आणि सेव्ह करून बंद केली.

मी ताडकन सरळ झाले. "ताई, काय केलंत आत्ता?"

"काय नाय. नुसती बघितली."

"सेव्ह का केलीत?"

"उघडली की सेव्ह करायची. हाताला सवय हाय."

"गेल्या आठवड्यात रोज केलंत?"

"रोजच की. तुमच्यावर विश्वास हाय हो, पण म्हटलं एकदा बघावं. रविवारी तेवढं नाय जमलं." मग घाबरल्या. "माझ्यामुळं बिघडलं का?"

"तुमच्यामुळं चालत होतं ताई!" मी ओरडलेच.

झालं होतं ते असं. पान बनवणारी यंत्रणा एकदा बनवलेलं पान जपून ठेवायची आणि फाइलला कुणी हात लावला तरच नवं बनवायची. मूळ फाइल बदलली नाही तर पान कशाला बदलायचं, असा तिचा हिशेब. पूर्वी ताई रोज फाइल बदलायच्या म्हणून हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. आता माल प्रोग्रॅमकडून येत होता, फाइल होती तिथंच होती, आणि यंत्रणा अजून ताईंच्या हाताची वाट बघत बसली होती. माझ्या सगळ्या चाचण्या त्या एका सेव्हवर पास झाल्या होत्या. मी कपाळावर हात मारला आणि हसत सुटले. ताईंना आधी कळेना, मग त्यापण हसायला लागल्या, रडता रडता.

दुरुस्ती किरकोळ निघाली. यंत्रणेला सांगितलं, फाइल राहू दे, हिशेब कधी झाला ते बघ, आणि तो नवा असेल तर पान नवं कर. दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी ताईंना संगणकापासून लांब, गेटपाशी नेऊन उभं केलं. म्हटलं, "हाताची घडी घाला. कशाला शिवायचं नाही." साहेबही येऊन उभे राहिले. पान बदललं. शिफ्ट सुटत होती, माणसं येऊन वर बघायची, आपलं नाव शोधायची आणि चालू लागायची. नेहमीसारखीच. ताई मात्र बराच वेळ त्या स्क्रीनकडं बघत उभ्या होत्या. साहेबांनी तिथंच रजेच्या अर्जावर सही केली आणि ताई त्याच संध्याकाळी मनमाडला गेल्या.

मुलगी झाली. आई आणि बाळ दोघी सुखरूप, आणि कळा सुरू झाल्या तेव्हा ताई तिथं होत्या. जावयानं फोटो पाठवला. मी ऑफिसात तो सगळ्यांना दाखवला, जणू माझीच नात.

आठ-दहा दिवसांनी दुपारी ताईंचा फोन आला. बाळाचं सांगून झालं, बाळंतिणीचं सांगून झालं. मग विचारलं, "पान लागतंय ना वेळेवर?"

"लागतंय. रविवारीसुद्धा."

"कुणी बसतंय का माझ्या जागी?"

"नाही ताई. कुणी लागतच नाही आता."

त्या म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू? हे आधी झालं असतं का?"

मला काहीतरी थाप मारता आली असती. पण दमलेल्या माणसाला थाप सुचत नाही. मी म्हटलं, "झालं असतं."

"कधी?"

"पहिल्यापासून. कुणाला तरी बोलावून बसवायचं होतं महिनाभर. तेवढंच काम होतं."

मग त्या बोलल्या, अगदी हळू. "माझी आई गेली ना, चांदवडला. मी मातीला गेले आणि तशीच परत आले, पाचच्या पानासाठी. पाय पण धुतले नव्हते. भाऊ अजून बोलत नाय माझ्याशी. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, बघा, अशी माणसं पाहिजेत."

मी नुसतं "ताई" म्हटलं.

"लय अभिमान वाटला होता मॅडम मला, त्या दिवशी," त्या म्हणाल्या.