जावेची साक्ष

राळेगावकडच्या आमच्या जिनिंगात एका घराची एकच हजेरी असायची. कापसाचे ते वाईट दिवस. निंदणी-वेचणीची कामं आटली होती आणि एकेका घरच्या दोन-दोन बाया फाटकाशी उभ्या राहायच्या. मुकादमानं तोड काढली: पुस्तकात नाव एकीचं, कामाला येईल ती कोणीही. आमच्या घरचं नाव धाकट्या जावेचं होतं, कारण मुकादम तिचा सख्खा भाऊ. एक दिवस ती रेच्यावर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रावर, एक दिवस मी. मी चौथी शिकलेली, मला सही येत होती. पण जाव अंगठा द्यायची, म्हणून तिच्या नावापुढं मीही मुकाट अंगठा द्यायची. शिकलेल्या बाईनं याहून मोठा गाढवपणा काय करावा!

त्या आठवड्यात जाव दारव्ह्याकडे माहेरी गेली होती आणि रेच्यावर रोज मीच होते. ओला कापूस अडकला. तो बोटांनी ओढायचा नसतो, काडीनं सारायचा असतो, हे मला ठाऊक होतं. पण काडी शोधायला वळलं की मुकादम आईवरून शिव्या द्यायचा. आधी बोटं गेली, मग मनगट. हाड मोडताना मी ऐकलं. कोणीतरी बांबूनं यंत्राचा पट्टा पाडला तोवर हाताचा लगदा झाला होता. मुकादम धावत आला आणि पहिलं बोलला ते असं: "लाल रुई बाजूले काढा, गाठीत जाईन." माझ्याकडे त्यानं नंतर पाहिलं.

दवाखान्यात कोपराखालचा हात कापला. कामावर हात गेला तर कायद्यानं भरपाई मिळते, असं यवतमाळच्या एका वकिलानं सांगितलं आणि केस टाकली. मालकाचं उत्तर आलं की ही बाई आमच्याकडे कधी कामाला नव्हतीच, हिचा हात उसाच्या रसवंतीत गेला. पुराव्याला हजेरीचं कोरं करकरीत पुस्तक. त्या तारखेपुढं जावेचा अंगठा, खराखुरा. भावानं तो तिच्याकडून मागाहून उठवून घेतला होता.

मग तो घरी आला. चुलीसमोर उभा राहून म्हणाला की केस मागं घे, नाही तर दुसराही जाईल. मी फुंकणी उचलली आणि त्याच्या कपाळावर मारली. डाव्या हाताला अजून नेम नव्हता, कपाळ वाचलं, कान फाटला. त्यानं मला लाथेनं भिंतीवर फेकलं आणि भरलेली जखम पुन्हा उघडेपर्यंत तुडवलं. आजही मला वाईट वाटतं ते एवढंच की कपाळ वाचलं.

जावेला मी हातपंपावर गाठलं. केस धरून तिला चिखलात लोळवलं, तोंडाला येईल ते बोलले. बाया बघत राहिल्या. आपलेच दात, आपलेच ओठ, मध्ये कोण पडणार? तिनं एकदाही हात उचलला नाही. फक्त म्हणाली, "भाऊ हाय माहा." त्यावर मी तिला आणखी मारलं.

तारखेच्या दिवशी मी एसटीनं कळंबवरून यवतमाळला गेले. जाव भावाच्या जीपमधून आली, मालकाची साक्षीदार म्हणून. मालकाच्या वकिलानं तिला पिंजऱ्यात उभं केलं आणि विचारलं की त्या दिवशी रेच्यावर कोण होतं. तिनं भावाकडे पाहिलं. मग दोन्ही हात पुढं केले, जणू कोणी तपासायला मागितलेत.

"हे हात त्या दिवशी माहेरी होते, साहेब. रेच्यात गेला तो या बाईचा. अंगठा माह्याकडून मंग घेतला."

वकिलानं तिला चार वेळा फिरवून विचारलं. ती चारही वेळा तेच बोलली. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. रडूही आलं.

कोर्टाच्या मागं, जीप उभी होती तिथं, भावानं तिला गाठलं. मी पोचले तेव्हा त्याच्या हातात जीपची लोखंडी टॉमी होती. पहिला घाव जबड्यावर बसला होता, दुसरा मी पाहिला. दात मातीत पडले होते आणि ती ते वेचायला वाकली होती, तर पाठीवर तिसरा. मी त्याच्या मांडीला चावले आणि तोंडात रक्ताची चव येईपर्यंत सोडलं नाही. चहावाल्यांनी ओढून काढलं.

दवाखान्यात हवालदार जबाब घ्यायला आला. जावेनं सुजलेल्या तोंडानं सांगितलं की जीपमधून उतरताना पडले. मी ओरडून खरं सांगितलं. हवालदार म्हणाला, मार लागला ती पडले म्हणते, तुमचं काय लिहू?

पुढं निकाल माझ्या बाजूनं लागला, भरपाई मिळाली. मी वकिलाला विचारलं, हिच्या जबड्याचं काय? तो म्हणाला, ती इजा कामावर झालेली नाही, या कायद्यात बसत नाही. त्याचं चूक नव्हतं, तरी त्याचं तोंड फोडावंसं वाटलं.

जावेचा जबडा वाकडाच जुळला. मी तिला भाकर दुधात कुस्करून द्यायची. एकदा संतापून विचारलं, माझ्यासाठी खरं बोललीस, मग स्वतःसाठी खोटं कायले?

"तुहं सांगाले कोणी नव्हतं, बाई," ती म्हणाली. "माहं तं तूनं पाह्यलं ना."

पाहिलं तर खरं. पण माझ्या पाहण्यानं त्याचं काहीच वाकडं झालं नाही. पुढच्या हंगामात तोच मुकादम होता, आणि राखीला ती त्याच्या घरी गेली.