परत मागितलेला आहेर

मी रतनबाई, भाजे गावची. अनिता माजी चुलत जाऊ, आमच्या आळीतच राहती. ती कशी बाई हाय म्हणून कुणी इचारलं तर मी एकच सांगते: तिनं माज्या दारात येऊन दिलेला आहेर परत मागितला. व्हय, परत! तेबी माज्या लेकाच्या, संदेशच्या, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, घर पाव्हण्यांनी भरलेलं असताना.

आता नीट सांगते. तिचा नवरा, आमचे बजरंग भाऊजी, उर्शाकडच्या एका कंपनीत चौदा वर्सं कामाला होते. दिवाळी झाली आन कंपनीला कुलूप लागलं. भाऊजी आठ दिवस ओट्यावर बसून, कुणी हाक मारली तरी वर बघनात. अनितानं मातर दुसऱ्याच दिवशी पदर खोचला. दुधाचा रतीब निम्म्यावर आणला, टीव्ही बंद, मोटारसायकल इकून मोकळी. सोमवार ते शुक्रवार तुंगार्लीला दोन बंगल्यांची झाडलोट, शनवार-रविवार लेण्यांच्या पायऱ्यांखाली चूल मांडून फिरायला येणाऱ्यांना पिठलं-भाकरी. आमचे मालक तिला म्हणाले, "आपन केदारी, आन रस्त्यावर बसून भाकऱ्या इकायच्या?"

"बसून न्हाई दादा, उभ्यानं इकते," ती म्हणाली. "बसले तर गिऱ्हाईक पुढं जातं."

अशी तोंडाची फटकळ!

हा सगळा आटापिटा पोरीसाठी. अपेक्षा तळेगावला नर्सिंग शिकती. दुसऱ्या वर्साचा हप्ता तीस हजार. तारखेच्या आत भरला न्हाई तर नाव कमी, पोरगी घरी. म्हणून अनितानं सगळ्या भावकीत सांगून टाकलं, "यंदा आमी कुणाला आहेर करणार न्हाई. कामाला बोलवा, येते." बायका पदराआड हसल्या. मीबी हसले, खोटं कशाला बोलू?

संदेशच्या लग्नात ती पहाटेपासनं राबली. पुऱ्या लाटल्या, पंगती वाढल्या. आन दुपारी माईकवर पुकारा झाला, "बजरंग सखाराम केदारी यांच्याकडून पाच हजार एक रुपये!" भाऊजी मांडवात ताठ उभे. कंपनी गेल्यापासनं मी त्यांना तसं उभं बघितलं नव्हतं. अनिता बुंदी वाढत होती, तिनं ताट हळूच खाली ठिवलं. मला काय कळलं न्हाई. उलट मी तर लय खूश झाले, म्हणलं, राखला बाई मान.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ती दारात. मागं भाऊजी, मान खाली घालून.

"अक्का, कालचं पाकीट द्या."

"कंचं पाकीट?"

"यांनी दिलेलं. ते अपेक्षाच्या फीचे पैसे हाईत. यांना चारचौघांत लाज वाटली, म्हणून मला न सांगता डब्यातनं काढले. आज शेवटची तारीख हाय."

माज्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं, नवी सून अजून हळदीच्या अंगानं बसलीया, आन तू आहेर परत मागतीस? भावकीत तोंड कसं दाखवशील?"

"भावकीला दाखवीन कसंबी," ती म्हणाली. ती दारातनं हलली न्हाई. "पोरगी घरी बसली तर तिला कुटलं तोंड दाखवू?"

मालक आतनं वरडले, "दे तिला, फेक तोंडावर!" मी पाकीट आणलं आन ओट्यावर आपटलं. तिनं उचललं, आतल्या नोटा काढून पिशवीत घातल्या. पाकिटाच्या कोपऱ्याला एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं असतं ना, ते तसंच ठिवून रिकामं पाकीट माज्या हातात दिलं.

"तेबी ने की! ते कशाला ठिवलंस?"

"फी तीस हजार हाय अक्का. वरचा रुपया लागत न्हाई. तो संदेशचा."

पाव्हण्यांतली एक बाई फिसकन हसली. मलाबी हसू आलं, आन मागनं रडू. म्हणलं, "च्या तरी घेऊन जा." तर म्हणती, "नगं, गाडी चुकंल." आन निघाली मळवली टेसनाकडं तरातरा. भाऊजी तिच्या मागं जवळजवळ पळतच.

मालक दिवसभर एकच घोकत होते, बायकोनं बजरंगचं नाक कापलं. शेवटी मी म्हणलं, गप बसा. कुणाचं कापलं असंल तर माजं. कंपनी बंद होऊन सात महिने झाले, काय हवं-नको इचारायला मी तिच्या उंबऱ्यात एकदा सुदिक गेले न्हाई. गेले ती लग्नाची पत्रिका द्यायला.