अर्धा जळालेला सदरा

ओल्या राखेचा वास आला की मला खाडीकाठची ती गल्ली आठवते. नगरपालिकेत मी स्वच्छता निरीक्षक होतो आणि शहरात उघड्यावर काहीही जाळायला तेव्हा नुकतीच बंदी आली होती. एका सकाळी फोनवर धुराची तक्रार आली, म्हणून मी लगेच पोहोचलो. माडाखाली एक म्हातारी एकटीच बसली होती आणि तिच्यासमोर गादी, चादर, पुरुषाचे कपडे जळत होते. मी काही न विचारता शेजारच्या पिंपातलं बादलीभर पाणी ओतलं. चर्र आवाज झाला, धूर विरला आणि अर्धा जळालेला निळा सदरा दिसायला लागला. “परवा आमचे हे गेले, साहेब,” ती म्हणाली. “त्यांचं अंथरूण हाय. आता हे अर्धं राहिलं, त्याचं काय करू?” “मावशी, नियम आहे,” एवढंच मला सुचलं. ती रागावली नाही. “धुरानंच गेले ते. खाडीवर कचरा जळतो म्हणून तीन अर्ज दिलेले त्यांनी. तवा कोण न्हाय आला.” तिने सदरा पिळला, त्याची घडी घातली आणि तो घरात नेला. दंड न करताच मी कचेरीत परतलो आणि जुन्या फायली काढल्या. तिन्ही अर्ज सापडले. प्रत्येकावर शेरा होता, ‘पाहणी केली, धूर आढळला नाही’, आणि खाली माझी सही. पाहणीला मी एकदाही गेलो नव्हतो. आता निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण माझी स्वतःची सही मला अजून बघवत नाही.