समोरच्या दारातला अमेरिकन ॲक्टर

"मालतीबेननो एक्टर दीकरो आव्यो छे ने, ए तो घर वेचीने माजीने..."

एवढंच ऐकू आलं. भाजीच्या गाडीपाशी आमच्या सोसायटीतल्या हंसाबेन फोनवर बोलत होत्या. मला बघितलं आणि बाकीचं वाक्य गिळून म्हणाल्या, "केम छो, सुनंदाबेन! भेंडी सरस छे!"

मालतीबेनचा ॲक्टर मुलगा घर विकून म्हातारीला... काय? भेंडीकडे कोण बघतंय! मला बघून जे वाक्य थांबतं ते आमच्याच मजल्याचं असतं, एवढं मला कळतं.

डब्यांची झाकणं कशी कुणी न आणता घरात साठतात, तसे मालतीबेनच्या या राजूचे किस्से आमच्या जिन्यात साठलेत. कुठलं झाकण कुठल्या डब्याचं ते आता आठवत नाही, पण टाकवत नाही. म्हणून सांगते.

मालतीकाकू जगताप आमच्या समोरच्या दारात राहतात. निजामपुऱ्यात, तिसरा मजला, लिफ्ट नाही. काका गेल्यापासून एकट्या. मी आजारी पडले होते तेव्हा माझ्या मुलीला जेवूखाऊ त्यांनीच घातलं. म्हणून त्या घराकडे माझं लक्ष असतं. आमचे हे त्याला भोचकपणा म्हणतात. म्हणू देत! काकूंना या वयात कुणी घराबाहेर काढलं तर हे येणार आहेत का बघायला?

राजू त्यांचा एकुलता एक. शिकायला म्हणून अमेरिकेला गेला आणि शिकायचं सोडून तिथल्या सिनेमात शिरला. आता कागदोपत्री अमेरिकन.

*

त्याचा पहिला सिनेमा बघायला काकूंनी अख्ख्या सोसायटीला बोलावलं होतं. हॉलमध्ये सतरंजी, पोहे, सगळं साग्रसंगीत. राजू डॉक्टर झाला होता. पांढरा कोट घालून आला, पेशंटची नाडी बघितली, "ही इज स्टेबल" म्हणाला आणि दारातून निघून गेला. आम्ही त्या दाराकडे बघत बसलो. सिनेमा संपला तरी परत येईना!

हंसाबेन तेवढ्यात पाणी प्यायला उठल्या होत्या. त्यांनी विचारलं, "आला आणि गेला पण?"

काकू म्हणाल्या, "पण पेशंट वाचला ना!"

*

नंतर एका मालिकेत त्याला मोटेलवाल्याचं मोठं काम मिळालं. दोन-तीन वर्षं छान चाललं होतं. एक दिवस त्या मोटेलवाल्याला गोळी घातली. राजूचं काम संपलं आणि काकूंची झोप उडाली. मालिकेतलं मरण असलं तरी लोक तोंडानं 'राजू मेला' असंच म्हणणार ना! त्यांनी व्हिडिओ कॉल लावला, फोन डब्याला टेकवून उभा केला आणि मीठ-मोहऱ्या, मिरच्या त्याच्यावरून ओवाळून तव्यावर टाकल्या. स्वयंपाकघरात असा ठसका उठला की मी खोकत गॅलरीत पळाले.

तेवढ्यात तिकडे फोनमध्ये राजूला शिंक आली.

"बघ सुनंदा," काकू डोळे पुसत म्हणाल्या, "अमेरिकेपर्यंत लागली होती!"

*

आता या वेळचं ऐका. दिवाळीला तोंड न दाखवणारा राजू अचानक आला. बरोबर दोन मोठ्या बॅगा, एक गोल दिवा, कॅमेऱ्याची घोडी आणि निळा पडदा. परत कधी जाणार विचारलं तर म्हणे, "बघू, वहिनी." दिवसभर दार बंद. आईच्या घरात मुलगा निळा पडदा लावून काय करतो, सांगा!

एका दुपारी मी ताक घुसळत होते. समोरून राजूचा आवाज आला, रडवेला. "सॉरी. वी डिड एव्हरीथिंग वी कुड."

माझं इंग्रजी दहावीपर्यंतचं, पण 'सॉरी' कळतं. पुन्हा "सॉरी", मग हुंदका, मग पुन्हा "सॉरी"! हातात रवी तशीच घेऊन मी धावले आणि दार बडवलं.

दार काकूंनी उघडलं. तोंडात चिक्की.

"काकू! कोण गेलं?"

"कुणी नाही गं. त्याची परीक्षा आहे."

मग राजूनं समजावलं. हल्ली तिकडे काम हवं असेल तर घरीच सीन करून, शूट करून पाठवावा लागतो. पसंत पडला तर बोलावतात. "किती जणांनी बोलावलं?" मी विचारलं. तो म्हणाला, "चहा घेणार का, वहिनी?"

तेव्हाच मनात नोंद करून ठेवली. याला तिकडे काम नाही. काम नसलेल्या माणसाला आईचं घर दिसायला लागतं.

*

या शूटिंगमध्ये समोरच्याची वाक्यं वाचायला कॅमेऱ्यामागे कुणीतरी लागतं. एकदा त्यानं आमच्या ह्यांना धरून नेलं. हे कोयलीला कारखान्यात. आयुष्य मशिनच्या आवाजावर ओरडण्यात गेलेलं. सीन नवरा-बायकोच्या भांडणाचा. राजू नवरा, हे बायको.

ह्यांनी चष्मा लावला, छाती भरून घेतली आणि "आय ॲम लीव्हिंग यू!" अशी आरोळी ठोकली की खालच्या कबुतरांनी जागा सोडली.

राजू हात जोडून म्हणाला, "दादा, तुम्ही माझी बायको आहात. बायको अशी बोलते का?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आमच्याकडे अशीच बोलते!"

*

एकदा मला दवाखान्यातून रिपोर्ट आणायचे होते. राजू म्हणाला, चला, मी सोडतो, वाटेत शेवउसळ खाऊ. गेलो. पठ्ठ्यानं दुकानातही काळा गॉगल काढला नाही. समोरच्या टेबलावरचा एक माणूस सारखा टक लावून बघत होता. राजूनं केस सारखे केले आणि मला हळूच म्हणाला, "ओळखलंन वाटतं. होतं असं."

माणूस उठून आला. राजूनं गॉगल काढला, हसला, फोटोसाठी जरा तिरका झाला.

"तमेज ने? निजामपुरा, त्रीजो माळ? फ्लॅटचे फोटो तुम्हीच पाठवले होते ना मला?"

राजूचं हसू तसंच राहिलं, फक्त आतून कुणी दिवा मालवल्यासारखं. "आपण नंतर बोलू," म्हणाला आणि त्या माणसाला हाताला धरून बाहेर घेऊन गेला. माझी उसळ तिथेच गार झाली.

ब्रोकर! म्हणजे हंसाबेनचं गिळलेलं वाक्य खरं होतं तर!

येताना जिन्यात मी सरळच विचारलं, "राजू, घर विकतोयस? काकूंना कुठे टाकणार?"

"छे हो, वहिनी. असं कसं करेन?" डोळ्यांत थेट बघून म्हणाला. आवाज जड, भुवया अशा जवळ आलेल्या. कुणीही विश्वास ठेवला असता. पण हाच आवाज मी "सॉरी"च्या वेळी ऐकला होता, आणि तेव्हा कुणीही गेलं नव्हतं! दुसऱ्या माणसाचं खोटं चेहऱ्यावरून पकडता येतं. ज्याचं पोटच चेहऱ्यावर चालतं, त्याचं कसं पकडायचं?

तिसऱ्या दिवशी तो ब्रोकर घरी आला. मी विरजण मागायला म्हणून गेले तर दार लोटलेलं आणि आतून खोल्या मोजायची टेप ओढल्याचा आवाज. विरजण न घेता परत आले.

*

आणि मग ती रविवारची सकाळ.

राजूनं मला बोलावलं. काम असं की त्याचा फोन धरून उभं राहायचं, कारण घोडीचा पाय मोडला होता. मालिका अमेरिकेतली, पण आई आणि मुलगा घरात आपल्या भाषेत बोलतात असा सीन. आईची वाक्यं काकू वाचणार. राजूनं त्यांना मोठ्या अक्षरात लिहून दिली होती. सीन काय, तर मुलगा म्हाताऱ्या आईला सांगतो की तुला आता दुसरीकडे राहायला जायचंय, आणि आई म्हणते, "नको रे, मला इथून नेऊ नकोस."

सीन कसला, हे तर या घरातलंच!

राजू सुरू झाला. "आई, थोड्याच दिवसांसाठी. तिथे तुझी काळजी घेतील."

काकू म्हणाल्या, "बरं, जाते."

"आई! कागदात बघ. 'नको' म्हणायचंय."

पुन्हा झालं. पुन्हा काकू म्हणाल्या, "बरं, जाते."

"आई, तू 'नको' म्हण ना! तू नको म्हणालीस तरच मला रडू येणार!"

काकूंनी चष्मा काढला. "तू नेतोयस म्हटल्यावर मी नको कशाला म्हणू?"

फोन चालू होता. बंद कसा करतात ते मला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माहीत असतं तरी मी केला नसता.

"आई," तो म्हणाला, "तो माणूस घर विकायलाच आला होता. आणि तुझ्यासाठी मी एक जागा पण बघून आलोय. वृद्धांची. चांगली आहे. मला तिकडे काम नाही, आई. वर्ष झालं."

मी फोनमधून त्याच्याकडे बघत होते. भुवया एक वर, एक खाली. नाक वाहत होतं. पुसायचंही सुचत नव्हतं त्याला.

"माहीत आहे," काकू म्हणाल्या. "त्या माणसाला चहा कुणी दिला? टेपचं दुसरं टोक कुणी धरलं होतं? घर मलाही विकायचंच आहे. हे जिने आता होत नाहीत माझ्यानं. इथेच अकोट्याला कुसुमच्या शेजारी तळमजला बघून ठेवलाय मी. बहीण शेजारी असली म्हणजे मला कुणी काळजी घेणारं लागत नाही."

राजूचा आवाज बारीक झाला. "आणि मी?"

काकूंनी चष्मा घातला, कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला.

"दोन खोल्या आहेत तिथे. चल, आता तुझं वाक्य म्हण. सुनंदा केव्हाची फोन धरून उभी आहे."